टांग न टाकता

कॉटनवुडच्या घाटावर ऑर्फा स्ट्राउडच्या हातचा पाव खाल्ला नाही असा गाडीवान आमच्या भागात सापडणं कठीण. नदीला पाणी चढलं की गाड्या अलीकडच्या काठाला अडकून पडायच्या, आणि मग ऑर्फाच्या ओसरीवर पंगत बसायची. आंबवलेल्या पिठाचा पाव, घेवड्याची उसळ, खारवलेल्या मांसाचे तुकडे, आणि किटलीभर काळी कॉफी. पोट भरलं की एखादा नवखा हमखास विचारायचा, "बाई, तुम्ही मूळच्या कुठल्या?"

"तुरुंगातली," ऑर्फा म्हणायची. "आणखी घेवडा वाढू का?"

नवख्याला वाटायचं, बाई थट्टा करते. ती थट्टा करत नसे.

लग्नाआधी ती ऑर्फा टॅकेट. आई लहानपणी गेली. बाप कुठं गेला ते कुणालाच ठाऊक नाही. दोघा थोरल्या भावांनी तिला वाढवलं आणि त्यांना येत होतं ते शिकवलं. त्यांना घोडे चोरता येत होते. उत्तरेकडच्या कुरणांतून घोडे काढायचे आणि दक्षिणेला नेऊन विकायचे. ऑर्फाचं काम कुंपणाच्या आत शिरायचं. घोडा तिला बुजत नसे. ती कानाशी काहीतरी पुटपुटायची आणि जनावर तिच्यामागं निघायचं. केस टोपीत खोचलेले, अंगात भावाची विजार. विशी ओलांडेपर्यंत तिनं परकर नेसला नव्हता, आणि देवळाच्या आत पाऊलही टाकलं नव्हतं.

एका वसंतात तिघं चोरलेले घोडे घेऊन घाटावर आली. मागं पाठलाग लागलेला. घाटावरचा तराफा ईबेन स्ट्राउडचा. चाळिशीकडं झुकलेला, एकटा, मोजकं बोलणारा माणूस. या काठापासून त्या काठापर्यंत ताणलेला जाड दोर आणि त्या दोराच्या आधारानं सरकणारा तराफा, हाच त्याचा संसार. भावांनी त्याच्यावर बंदूक रोखली. त्यानं मुकाट्यानं सगळ्यांना पार नेलं. पलीकडं उतरल्यावर थोरल्यानं ऑर्फाच्या हाती कुऱ्हाड दिली. "दोर तोड आणि ये मागून," म्हणाला, आणि दोघं घोडे हाकत पुढं गेले.

ईबेन तिथंच उभा होता. "तोड," तो म्हणाला. "पण त्या काठाला गाडी दिसतेय ना, पांढऱ्या कापडाची? तिच्यात एक पोर तापानं फणफणलंय. त्याला मी इकडं आणणार होतो. लष्कराच्या किल्ल्यावरचा डॉक्टर या बाजूला आहे."

"खोटं बोलतोयस."

"बोलत असेन. जाऊन बघून ये."

ऑर्फानं नदीपलीकडं पाहिलं. गाडीशेजारी एक बाई कडेवर काहीतरी घेऊन येरझाऱ्या घालत होती. ऑर्फानं कुऱ्हाड खाली ठेवली आणि घोड्यावर बसून निघून गेली. पोर त्याच तराफ्यावरून आलं आणि वाचलं. पाठलाग करणारेही त्याच तराफ्यावरून आले. पुढं तिचा घोडा लंगडा झाला आणि ती सापडली. भाऊ निसटले. त्यांचं तोंड तिला पुन्हा दिसलं नाही.

दहा वर्षांची शिक्षा झाली. पण तुरुंगात बायकांची सोय नव्हती. तिला स्वयंपाकघरामागच्या पिठाच्या कोठीत ठेवलं. पाव करायला ती तिथंच शिकली. एक बाई सांभाळायची म्हणून तुरुंगाचा अधिकारी इतका वैतागला की त्यानं जजसाहेबांच्या मागंच टुमणं लावलं. शेवटी जजसाहेब म्हणाले, कुणी घरदार असलेला माणूस तीन वर्षं जामीन राहत असेल तर सोडतो. असा कुणी पुढं येईल असं त्यांनाही वाटलं नव्हतं.

ईबेन आला. टोपी हातात धरून कोर्टात उभा राहिला. "माझा दोर राखला म्हणून ती पकडली गेली," म्हणाला. "मी राहतो जामीन."

जजसाहेबांनी त्या दिवशी भरल्या कोर्टात जे सांगितलं ते आमच्याकडं शेंबड्या पोरालाही पाठ होतं. "टॅकेट, तुला सोडतोय. पण तीन वर्षांत या काउंटीत घोड्यावर टांग टाकलेली दिसलीस, तर उरलेली शिक्षा आत भोगायची. आणि स्ट्राउड, तुझा तराफा सरकारजमा."

आमच्याकडं रस्ता ओलांडायलासुद्धा माणूस घोड्यावर बसतो. शेजारच्या घरी जायचं म्हणजे नजर पोचणार नाही एवढं अंतर. अशा मुलखात हिनं तीन वर्षं पायी फिरायचं. बसण्या-उठण्याला सोयीचं आणि चारचौघांत बरं दिसावं म्हणून ईबेननं तिला थर्झामावशीकडं ठेवलं. थर्झामावशी म्हणजे आमच्या पहिल्या पाद्रीबाबांची विधवा, ओहायोतून आलेली, सत्तरीची, जिभेला धार असलेली. अख्खा घाट तिला मावशी म्हणायचा. दिवसा ऑर्फा ईबेनच्या ओसरीवर रांधायची आणि दिवस मावळायच्या आत मावशीकडं परतायची.

पहिल्या रविवारी मावशीनं तिला परकर चढवला आणि देवळाकडं पिटाळलं. देऊळ घाटापासून दीड मैल, चढणीवर. ऑर्फा दारातून निघाली तर ईबेन उभा. पायी.

"घोडा कुठाय?" तिनं विचारलं.

"तबेल्यात."

"तू बस की. तुला कुणी मना केलंय?"

"मला चालायचंय," म्हणाला आणि चालायला लागला.

वाटेत भेटणाऱ्या गुराख्यांना ही मेजवानीच. "काय ईबेन, घोडा मेला का?" "नाही, बरा आहे. घरी आराम करतोय." "तू जामीन आहेस का तिचा धाकटा भाऊ?" "वहाणा झिजल्या तर सांग रे, वर्गणी काढू!" ईबेन टोपीला हात लावून पुढं जायचा. दर रविवारी तेच. पाऊस असो, गुडघाभर बर्फ असो, तो तिच्या शेजारून चालायचा. हळूहळू हसणारे कंटाळले. किल्ल्यावरच्या चांभाराकडून त्यानं तिच्या मापाचे चालायचे बूट करून आणले, तेही काही न बोलता पायरीवर ठेवून दिले.

देवळात ती आधी दाराजवळच्या शेवटच्या बाकावर बसायची.

"तिथं वारा लागतो," मावशी म्हणाली.

"लागू दे. दार दिसतं."

"दाराकडं बघून प्रार्थना होत नाही, पोरी. प्रभू समोर आहे."

पहिला हिवाळा संपेपर्यंत ऑर्फा मधल्या बाकावर आली. हे मावशीनंही बोलून दाखवलं नाही. फक्त सरकून जागा केली.

दर महिन्याला शेरिफचा डेप्युटी टॅगर्ट चौकशीला यायचा. उंच, सुकलेला, कायद्याचा माणूस. तो घोड्यावरून न उतरताच विचारायचा, "टांग?"

"नाही."

"बरं. पाव आहे का?"

एवढंच बोलणं. तो दिसेनासा होईपर्यंत ऑर्फा हातातलं काम सोडून त्याच्याकडं बघत राहायची. टांग टाकली नव्हती तरीही. ईबेनचा घोडा सॉलोमन तिच्याच हातानं खरारा करून घ्यायचा. तिच्या आणि ईबेनच्या शिवाय तो कुणाला अंगाला हात लावू देत नसे. त्याची पाठ थोपटताना तिचे पाय आपोआप हलायचे. मग ती बादली उचलून बाहेर पडायची.

दुसऱ्या वर्षी तिचं दुखणं वेगळंच झालं. ईबेन तिच्याशी नीट वागायचा, सरपण फोडून द्यायचा, ताटातलं सगळं संपवायचा. पण शब्द म्हणून काढत नसे. एकदा तो दोराला डांबर लावत होता तेव्हा तिनं विचारलं, "तीन वर्षं झाली की मी जायचं का?"

"ते तू ठरवायचं," तो म्हणाला. हातातला कुंचला थांबलासुद्धा नाही.

ऑर्फानं घरी येऊन भांडी आपटली. "त्याला माझी कीव येते, मावशी. बाकी काही नाही."

"कीव आलेला माणूस घोडा देतो," मावशी म्हणाली. "स्वतः चालत बसत नाही. आणि ते पातेलं माझ्या आईचं आहे, जपून."

तिसऱ्या वर्षाच्या जूनमध्ये नदी फार चढली. डोंगरावरचा बर्फ एकदम वितळला. त्या रविवारी ईबेन देवळात आला नाही. दोरावर लक्ष ठेवायला मागं राहिला. गावातले सगळे धडधाकट पुरुष गुरं गोळा करायला दूरच्या कुरणांत गेलेले, सगळ्यांचे घोडेही तिकडंच. देवळात बायका, लेकरं आणि डोळ्यांनी अधू झालेले एक म्हातारबाबा. स्तोत्र म्हणून झालं आणि बाहेर येऊन बघतात तर खाली घाटावर तराफा काठाला तिरका पडलेला. वाहून आलेलं अख्खं झाड दोराला धडकलं होतं. दोर तुटला, आणि चाबकासारखा येऊन ईबेनच्या मांडीवर बसला होता.

ऑर्फा धावत खाली गेली. मांडीचं हाड बाहेर आलेलं. तिनं परकराची पट्टी फाडून जखम घट्ट बांधली. मागून बायका आल्या, त्यांनी त्याला फळीवर घेतलं.

"किल्ल्यावर कुणी तरी गेलं पाहिजे," ऑर्फा म्हणाली.

सगळ्याजणी एकमेकींकडं बघायला लागल्या. घाटावर घोडा एकच होता. सॉलोमन.

"तू बसायचं नाहीस," ईबेन दात आवळून म्हणाला. "पाय गेला तर गेला."

"पाय तुझा आहे. ऐकायचं की नाही ते माझं."

"ऑर्फा, मी तीन वर्षं थांबलोय ते तुला परत आत धाडायला नाही."

"थांबलायस? कशासाठी?"

ईबेननं डोळे मिटले. "पाय दुखतोय," म्हणाला.

ती तबेल्याकडं वळली तोच मावशीनं तिचा दंड धरला. "जजसाहेब काय म्हणाले होते? शब्दन् शब्द सांग."

"आत्ता? मावशी, माणूस मरतोय!"

"सांग म्हणते ना."

"घोड्यावर टांग टाकलेली दिसलीस, तर..."

"बास. माझ्या माळ्यावर ओहायोहून आणलेलं खोगीर आहे. बायकी. ओहायोत चांगल्या घरच्या बायका घोड्यावर टांग टाकत नाहीत."

दोघीतिघींनी धावत जाऊन ते खोगीर आणलं. कातडं वाळून कडक झालेलं, एका खिशात उंदराचं घर. डावा पाय एकुलत्या एका रिकिबीत घालायचा, उजवा गुडघा खोगिराच्या शिंगाला अडकवायचा, आणि दोन्ही पाय घोड्याच्या एकाच बाजूला सोडून सरळ बसायचं. ऑर्फानं उभ्या आयुष्यात असलं खोगीर पाहिलं नव्हतं. उघड्या पाठीच्या, न शिकवलेल्या घोड्यावर पळणारी बाई. मावशीनं ढुंगणाला हात लावून तिला वर चढवलं आणि ती पलीकडच्या बाजूनं धप्पकन खाली आली.

"कुठं निघालीस? किल्ला तिकडं आहे," मावशी म्हणाली.

पुन्हा चढली. सॉलोमननं दोन पावलं टाकली आणि ती पुन्हा मातीत. सॉलोमन मान वळवून तिच्याकडं बघायला लागला. त्या तसल्या वेळीही एका बाईला हसू आवरेना.

"पाय पलीकडं टाकू दे मला!" ऑर्फा ओरडली. "टाकते आणि जाते! नंतरचं नंतर बघू!"

"पाठ ताठ. गुडघा घट्ट. आणि 'आमच्या पित्या' म्हणत राहा, म्हणजे दुसरं काही तोंडातून यायचं नाही."

तिसऱ्यांदा ती टिकली. मावशीच्या सांगण्याप्रमाणं प्रार्थना म्हणत गेली असं ती पुढं शपथेवर सांगायची. वाटेत भेटलेल्या एका मेंढपाळाचं म्हणणं वेगळं होतं. किल्ला चौदा मैल. वाटेत ती आणखी एकदा पडली, कोपर सोलून निघालं. उजव्या पायाला तर सतत वाटत होतं, आता जावं पलीकडं. ती त्याला धरून राहिली. लष्करी डॉक्टर गाडी जोडून निघाला आणि दिवस असतानाच घाटावर पोचला. ईबेनचा पाय राहिला. लंगडा राहिला, पण राहिला.

आता खरी भीती. डेप्युटीच्या येण्याला थोडेच दिवस उरले होते. गावातल्या बायकांनी परस्पर ठरवून टाकलं होतं की आपण काही पाहिलंच नाही. मावशीला ते पटेना. "देवळाच्या पायथ्याशी घडलेल्या गोष्टीबद्दल मी खोटं बोलणार नाही," ती म्हणाली. "पण विचारलं त्यापेक्षा जास्तही बोलणार नाही."

ईबेन खाटेवर पडून होता, पायाला फळ्या बांधलेल्या. ऑर्फा त्याला भरवायला बसली आणि म्हणाली, "कशासाठी थांबलायस ते सांगितल्याशिवाय पुढचा चमचा नाही."

त्यानं छताकडं तोंड फिरवलं. मग म्हणाला, "माझ्या शब्दावर तू बाहेर आहेस. मी काही विचारलं तर तू नाही कशी म्हणणार? आणि नाही म्हणायची सोय नसेल तर त्या 'हो'ला काय अर्थ? म्हणून नाही विचारलं. आताही विचारत नाही. घेवडा गार होतोय."

ऑर्फानं चमचा पुढं केला. परत आत जायची भीती तिला तोवर होतीच. त्या घटकेपासून ती दुप्पट झाली.

टॅगर्ट आला. या खेपेला घोड्यावरून उतरला. खाटेवरचा ईबेन पाहिला, ऑर्फाचं सोललेलं कोपर पाहिलं. ओसरीवर मावशी विणत बसली होती, तिच्याकडंही पाहिलं.

"टांग?" त्यानं विचारलं.

"नाही," ऑर्फा म्हणाली. इतकं खरं होतं. इथं थांबता आलं असतं. तिचे भाऊ थांबले असते. "पण मी घोड्यावर बसले होते. किल्ल्यापर्यंत गेले. बायकी खोगिरावर."

विणणाऱ्या सुया थांबल्या. ईबेननं उठायची धडपड केली.

"पड गप्प," टॅगर्ट त्याला म्हणाला. मग ऑर्फाला, "उजवा पाय?"

"अडकवला होता. टाकला नाही."

"कशी बसली होतीस ते दाखव."

सॉलोमनला बाहेर काढलं, खोगीर चढवलं. मावशीनं परकर सारखा केला. ऑर्फा चढली, ताठ बसली, लगाम हाती घेतला. सॉलोमननं शेपटीनं एक माशी हाकलली, आणि तेवढ्यानं ती सरकत सरकत डेप्युटीच्या बुटांपाशी येऊन पडली.

टॅगर्टला कुणी कधी हसताना पाहिलं नव्हतं. त्या दिवशी तो कुंपणाला धरून हसला. डोळे पुसले, टोपी नीट केली आणि पुन्हा कायद्याचा माणूस झाला.

"जजसाहेबांनी टांग म्हटलं, मी टांग विचारतो," तो म्हणाला. "ती टाकलेली नाही. राहिलं बसण्याचं. आत्ता जे पाहिलं ते मी त्यांना जसंच्या तसं सांगेन. पण एवढं नक्की, याला बसणं म्हणत नाहीत. पाव आहे का?"

पुढच्या महिन्यात तो आला आणि घोड्यावरूनच म्हणाला, "साहेब हसले. टांग?"

"नाही."

"बरं."

तीन वर्षं भरली त्या दिवशी कॉटनवुडची झाडं पिवळी झाली होती. सकाळीच ईबेन काठी टेकत टेकत मावशीच्या दारात आला. मागं सॉलोमन, पाठीवर पुरुषी खोगीर.

"आजपासून मी जामीन नाही," तो म्हणाला.

"मग कोण?"

"तराफेवाला."

"तराफेवाल्याला काही विचारायचंय?"

"आधी फिरून ये. कुठवर जायचं ते तुझं तू बघ. न आलीस तरी चालेल. घोडा तुझा."

ऑर्फा सॉलोमनशेजारी थोडी उभी राहिली. मग परकर वर खोचला आणि टांग टाकली. दक्षिणेच्या रस्त्यानं धूळ उठली. त्याच रस्त्यानं तिचे भाऊ गेले होते. टेकडीच्या वळणाला धूळ दिसेनाशी झाली.

ईबेन कुंपणाशी उभा राहिला. ऊन वर आलं तरी उभाच. घाटावर दोन गाड्या येऊन खोळंबल्या, गाडीवानांनी हाका मारल्या, तो हलला नाही.

मावशी स्वयंपाकघरात गेली तर चुलीशेजारी मोठं भांडं, वर ओला फडका. फडका उचलून पाहिला. वीसेक माणसांच्या पावाचं पीठ मळून ठेवलेलं, निम्मं फुगून आलेलं. ऑर्फानं ते पहाटेच मळलं होतं. मावशीनं फडका परत नीट झाकला. खिडकीतून ईबेन दिसत होता. त्याला सांगावं असं एकदा तिच्या मनात आलं. मग तिनं विणकाम घेतलं. माणसानंही कधी तरी वाट बघत उभं राहावं, प्रभू आपली बघतोच की, असं ती नंतर म्हणायची.

दुपारच्या सुमारास ऑर्फा परत आली. सॉलोमन घामानं निथळत होता आणि तिचे केस सुटून पाठभर झाले होते. ती खाली उतरली नाही. वरूनच म्हणाली, "विचार आता."

ईबेननं टोपी काढून हातात धरली. "लग्न करशील माझ्याशी?"

"नाही म्हणता येईल ना?"

"येईल."

"तर मग करीन. बाजूला हो, माझं पीठ ओसंडलं असेल."

खरंच ओसंडलं होतं. त्या दिवशीचा पाव आंबट झाला. मावशीनं तो दोन्ही गाड्यांतल्या सगळ्यांना वाढला, आणि कुणाचं तोंड वाकडं झालं की सांगायची, "खा मुकाट्यानं. साखरपुड्याचा आहे."